कुणी न गायलेला धैवत

जुन्या ध्वनिमुद्रणांची दुरुस्ती करताना मी अनेक वर्षं दोन नियम कसोशीने पाळले. खरखर, हिस्स, मागची गजबज काढून टाकायला माझी कधीच हरकत नसे. त्याला मी साफसफाई म्हणत असे. फाटलेल्या आवाजाला हात लावायला मात्र माझा ठाम नकार असे. गायकाने सूर जोरात लावला, यंत्राला तो पेलला नाही, लाटेचा शेंडा कापला गेला. आता तो शेंडा कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही. तो सॉफ्टवेअरकडून भरून घ्यायचा म्हणजे गायकाच्या गळ्यात आपला सूर घालायचा, असं मी मानत होतो आणि रेकॉर्डिंग घेऊन येणाऱ्यांना तसं सांगतही होतो. आज दोन्ही बाबतींत माझं मत उलटलं आहे. फाटलेला आवाज सांधायला मी तयार असतो आणि खरखर काढताना हात आखडता घेतो. हे कसं घडलं ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण हल्ली घरोघरी कॅसेटी संगणकावर उतरवल्या जात आहेत आणि असे निर्णय स्टुडिओत कमी आणि घरच्या टेबलावरच जास्त होत आहेत.

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं? सीडीच्या दर्जाच्या डिजिटल मुद्रणात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजली जाते आणि ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर लिहून ठेवली जाते. शून्याच्या वर ३२,७६७ पायऱ्या, खाली ३२,७६८. लाट त्याहून उंच गेली तर यंत्राकडे लिहायला आकडाच उरत नाही. मग ३२,७६७, ३२,७६७, ३२,७६७ असा एकच आकडा ओळीने पडत राहतो आणि पडद्यावर गोलाईच्या जागी सपाट कड दिसते. टेपचं तसं नव्हतं. चुंबकीय फितीवर झेपेल त्याहून जास्त आवाज गेला की लाटेचे खांदे हळूहळू दबतात, ती एकदम कापली जात नाही. म्हणून स्पूलवर आणि कॅसेटवर घेतलेल्या जुन्या बैठकींत तार षड्ज जरा जाडसर ऐकू येतो, पण टोचत नाही.

माझ्याकडे येणारी बहुतेक फाटकी रेकॉर्डिंग मुळात फाटलेली नसतात. ती संगणकावर उतरवताना फाटतात. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनमधून काढलेली वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली, लेव्हल न पाहता मुद्रण सुरू केलं, की झालं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न आजही तोच असतो: मूळ कॅसेट आहे का? असेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा ती मोलाची. लेव्हल खाली ठेवून, २४ बिटवर, सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या दहाबारा डेसिबल खाली राहील अशा बेताने ती पुन्हा उतरवायची, दुसरं काही करायचं नाही. पण पुष्कळदा उत्तर येतं की फितीला बुरशी लागली होती, एकदा उतरवून झाल्यावर सगळ्या कॅसेटी भंगारात दिल्या. मग हातात उरते ती फाटकी फाइल.

अशा फाइलला हात लावायचा नाही या माझ्या जुन्या भूमिकेला आधार होता, आणि तो हलकाही नव्हता. ध्वनिसंग्रहालयांची आयएएसए नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या टीसी-०३ आणि टीसी-०४ या मार्गदर्शिका या क्षेत्रात प्रमाण मानल्या जातात. जतनाची प्रत उतरवताना त्यात आपल्या आवडीनिवडीने कसलाही बदल करायचा नाही, जे आहे ते सगळ्या दोषांसह उतरवायचं, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, असं त्यांचं सांगणं आहे. ते मला आजही शंभर टक्के मान्य आहे. मात्र हा नियम जतनाच्या प्रतीसाठी आहे आणि मी तो ऐकण्याच्या प्रतीलाही लावत होतो. जतनाची प्रत पुढे कधीतरी येणाऱ्या अभ्यासकासाठी असते. ऐकण्याची प्रत असते ती वडिलांचा आवाज पुन्हा ऐकू पाहणाऱ्या मुलीसाठी. खरखरीच्या बाबतीत मी हा फरक सहज करत होतो. फाटलेल्या आवाजाच्या बाबतीत करत नव्हतो, कारण वजा करणं आणि मिळवणं यांत मला नैतिक फरक वाटत होता. काढणं निर्दोष, घालणं सदोष.

मत हललं ते मालकंसाच्या एका घरगुती बैठकीमुळे. कॅसेट केव्हाच गेलेली, फाइल तेवढी उरलेली. गायक विलंबितात मध्यमावर स्थिर होत, आवाज भरत नेत, आणि नेमका तिथेच आवाज फाटे. फाइल घेऊन आलेल्या बाई स्वतः गाणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता हात लावायचा नाही, ठीक आहे. पण इथे मला शुद्ध धैवत ऐकू येतो. आमचे गुरुजी मालकंसात शुद्ध धैवत लावतील का हो?”

मी स्पेक्ट्रोग्राम उघडला. धैवत होता. बारीक, पण स्पष्ट रेघ.

तो आला कुठून, याचा हिशेब अगदी सोपा आहे. संगीताच्या पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी मध्य षड्जाची कंपनसंख्या २४० धरतात, तीच घेऊ. शुद्ध मध्यम ३२०. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावलेली असते. मध्यमावर थांबलेला गळा आणि मागे अखंड वाजणारा षड्ज यांची मिळून जी लाट होते ती कापली गेली, की त्या कापण्यातूनच नवे स्वर तयार होतात. एका स्वराच्या दुपटीतून दुसरा वजा करायचा. २४० ची दुप्पट ४८०, त्यातून ३२० गेले, राहिले १६०. हा मंद्र मध्यम. तो रागातलाच असल्यामुळे कानाला खटकत नाही. आता उलटं करा. ३२० ची दुप्पट ६४०, त्यातून २४० गेले, राहिले ४००. मालकंसातला कोमल धैवत असतो ३८४ वर. ४०० ही शुद्ध धैवताची जागा. गुरुजींनी तो लावला नव्हता. तंबोऱ्यात तो नव्हता. षड्जाच्या आणि मध्यमाच्या तारांच्या नैसर्गिक उपस्वरांत ४०० येतच नाही. गुरुजींचा षड्ज अर्थातच नेमका २४० चा नव्हता, पण स्वरांचं परस्परांशी प्रमाण तेच राहतं. लाटेचा शेंडा कापून यंत्रानेच तो धैवत मालकंसात आणून बसवला होता.

इथे माझ्या भूमिकेचा पाया सरकला. मी हात न लावता जे राखत होतो ते त्या बैठकीत घडलेलं गाणं नव्हतं. त्यात आधीच भर पडलेली होती, आणि तीही रागाला न चालणाऱ्या स्वराची. सपाट शेंडा हीसुद्धा लाटेच्या आकाराबद्दलची एक बातमीच आहे, आणि ती खात्रीने खोटी आहे. सॉफ्टवेअरने भरलेला शेंडा चुकीचा असू शकतो. सपाट शेंडा चुकीचा असतोच. या दोहोंत ऐकणाऱ्यासाठी कुठला निवडायचा, याचं उत्तर मला तोवर अवघड वाटत होतं. ते अवघड नाही. जुन्या तबकड्या ऐकतानाही आपण असे निर्णय घेतच असतो. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन घेतलेल्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवरच कापलेल्या असतात असं नाही. तबकडी किती वेगाने फिरवायची हे कुणीतरी ठरवतं, तेव्हाच गायकाची पट्टी ठरते. तिथे कुणी त्याला लबाडी म्हणत नाही.

सॉफ्टवेअर हा शेंडा आणतं कुठून, हे मुळातून समजून घेतल्यावर उरलेली भीतीही बरीच ओसरली. सर्वांत साधी पद्धत ऑडॅसिटीतल्या ‘क्लिप फिक्स’ची. ऑडॅसिटी फुकट मिळतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली आणि २००० साली ते सर्वांसाठी खुलं झालं. ‘क्लिप फिक्स’ला आवाज कुठल्या उंचीवर कापला गेला आहे ते सांगायचं, आधीपासून भरलेला आकडा ९५ टक्क्यांचा असतो. मग ते सपाट कड शोधतं, तिच्या दोन्ही टोकांना लाट कुठल्या उताराने चढत आणि उतरत होती ते पाहतं आणि मधे एक सुरेख वक्र रेषा काढतं. नव्या शेंड्याला वर जागा हवी म्हणून सगळा आवाज आधी ९ डेसिबलनी खाली आणतं. थोडक्या कापणीला एवढं पुरतं.

याहून खोल पद्धतींचं मूळ १९८६ सालच्या एका शोधनिबंधात सापडतं. नेदरलँड्समधल्या यान्सन, फेल्डहाउस आणि फ्रीस या तिघांनी दाखवलं, की बोलण्यातला किंवा संगीतातला प्रत्येक नमुना, म्हणजे लाटेच्या उंचीची एकेक मोजणी, त्याच्या शेजारच्या नमुन्यांशी इतका बांधलेला असतो, की मधले काही हरवले तरी दोन्ही बाजूंवरून ते गणिताने काढता येतात. षड्ज २४० चा असेल तर त्याच्या एका आवर्तनात सुमारे १८४ नमुने येतात. त्यातले पंधराएक कापले गेले तरी दीडशेहून अधिक शाबूत असतात, शिवाय सूर चढण्याआधीची आणि उतरल्यानंतरची न कापलेली आवर्तनं हाताशी असतात. आणखी एक गोष्ट नक्की माहीत असते: हरवलेला शेंडा सपाट कडेच्या वरच असला पाहिजे, खाली असूच शकत नाही. म्हणजे हा अंदाज असला तरी चहूबाजूंनी बांधलेला अंदाज आहे. त्या मालकंसाच्या फाइलवर काम केल्यावर धैवताची रेघ स्पेक्ट्रोग्राममध्ये दिसेनाशी झाली. मी धैवत पुसला नव्हता. शेंडे परत आल्यावर त्याला उभं राहायला कारणच उरलं नाही. माझ्या दृष्टीने दुरुस्ती योग्य दिशेने गेल्याचा याहून चांगला पुरावा असू शकत नाही.

सगळीकडे हे साधतं असं नाही. लांबवलेला सूर, आलाप, संथ बोलणं यांना ही पद्धत मानवते. झांज, ताशा, तबल्याची किनार, ‘ट’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांचे स्फोट यांना मानवत नाही. तिथे शेजारचे नमुने काहीच सांगत नाहीत. मिरवणुकीत ढोलपथकाच्या पुढ्यात उभं राहून मोबाइलवर घेतलेलं मुद्रण मी परत करतो. निम्मी लाटच कापलेली असेल तर अंदाजाला टेकायला जागाच नसते. आणि फाटलेली फाइल नंतर एमपी३ झाली असेल, किंवा व्हॉट्सअॅपवरून ऑडिओ म्हणून फिरत आली असेल, तर सपाट कडा पुन्हा वेड्यावाकड्या झालेल्या असतात. आवाज फाटका तो फाटकाच असतो, पण सॉफ्टवेअरला कापणी कुठे झाली तेच सापडत नाही. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी ती जशीच्या तशी पोचते.

शिवाय एक प्रकार असा आहे की जिथे फाटणं दुरुस्त करूच नये. जत्रेतलं कीर्तन कर्ण्यावरून गावभर ऐकू जात होतं आणि कर्णाच फाटत होता, तर समोर बसलेल्या माणसांनी ते तसंच ऐकलं. तो आवाज त्या रात्रीचा आहे.

यातूनच माझी कसोटी बदलली. घातलं की काढलं, हे मी आता विचारत नाही. ते त्या जागी होतं, की यंत्राने आणलं, हे विचारतो. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मी अजूनही काढतो. ती मैफलीत नव्हती, वायरीत होती. पण खरखर काढण्याच्या बाबतीत या कसोटीने मला फार मागे खेचलं. नॉइज रिडक्शनचं काम असं चालतं: ज्या जागी फक्त खरखर आहे असा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा, मग ते सगळ्या मुद्रणातून तसं जे जे असेल ते कमी करत जातं. त्याच्या लेखी जे एकसारखं आणि अखंड आहे ते सगळं नको असलेलं. आपल्या संगीतात एकसारखं आणि अखंड काय असतं? तंबोरा. गायक श्वास घेतो त्या फटीतला तुकडा निवडला तर त्यात तंबोरा असतोच, आणि सॉफ्टवेअर इमानदारीने तोही नेतं. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवलं त्यांनी हे अनुभवलं आहे: शिष्याकडे आवाज पोचे, तंबोरा वाटेत गडप होई. फितीची हिस्स यंत्राची आहे, ती जायला माझी तत्त्वतः हरकत नाही. पण ती आणि तंबोऱ्याची वरची झिरमिर एकमेकींत मिसळलेली असते, आणि एकीला उचलताना दुसरी हलते.

जात्यावरच्या ओव्यांचं तर विचारूच नका. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी त्यांतल्या काही ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने तो खजिना लोकांपुढे आणला आहे. अशा मुद्रणांत जातं फिरत असेल तर त्याची घरघर हाच ओवीचा ताल असतो. बाईचा दम, खुंट्याचा फेरा, ओळ कुठे तुटते, हे सगळं त्या घरघरीशी जोडलेलं असतं. सॉफ्टवेअरला ती निव्वळ खरखर दिसते. आजीच्या ओव्या ‘स्वच्छ’ करून द्या असं सांगत कुणी आलं, की पूर्वी मी लगेच कामाला लागलो असतो. आता मी त्यांना बसवतो, जात्यासकट आणि जात्याविना असं दोन्ही ऐकवतो. बहुतेक जण जातं ठेवून घेतात.

मग भरलेल्या शेंड्याचं काय? तो अंदाजच आहे, ही माझी जुनी हरकत खोटी ठरलेली नाही. तिचं उत्तर मला पुण्यातच सापडलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखितं ताडून संपादकांनी पाठ ठरवला, आणि जिथे ठरवलेल्या पाठाची पुरती खात्री नव्हती तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. वाचणाऱ्याला सलग श्लोक मिळतो, आणि कुठे संपादकाचा निर्णय आहे तेही त्याच पानावर दिसतं. प्रमुख संपादक सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी तिथे कोरी जागा सोडून दिली असती तर आपण त्यांना जास्त प्रामाणिक म्हटलं असतं का? मला नाही वाटत. ध्वनीतही ही रेघ काढता येते. ऑडॅसिटीत लेबल ट्रॅक असतो. ज्या ज्या जागी शेंडे भरले तिथे मी त्यात खूण करतो, कुठलं साधन, कापणीची उंची किती धरली, तेही लिहितो, आणि ती यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून दुरुस्त प्रतीबरोबर देतो. मूळ फाइल अलग, न बदललेली, तीही देतो.

आता यंत्रशिक्षणावर चालणारी साधनं आली आहेत. २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ निघालं, त्यात जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून अशाच साधनाने सोडवून घेतला होता. एकत्र मुद्रित झालेलं अलग करणं मला मान्य आहे. ते त्या कॅसेटवर होतंच. पण हजारो इतर गळ्यांवर शिकलेलं साधन जेव्हा फाटलेल्या जागी ‘असा आवाज साधारण असतो’ म्हणून काही भरतं, तेव्हा तो अंदाज त्याच गायकाच्या शेजारच्या नमुन्यांनी बांधलेला राहत नाही. तिथे माझा जुना नकार अजून शाबूत आहे. किराणा घराण्याचा मध्यम सरासरी मध्यमाने भरून निघणार नाही. पुढे हे मतही बदलेल की नाही, ते ती साधनं आपल्या खुणा किती उघडपणे ठेवतात यावर ठरेल.

तुमच्या घरी कॅसेटी असतील तर एवढं करा. त्या फेकू नका, उतरवून झाल्या तरी नाही. उतरवताना लेव्हल खाली ठेवा. हळू आवाज नंतर वाढवता येतो, कापलेला नुसता कमी केल्याने सांधत नाही. पहिली फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा आणि तिच्यावर काहीही करू नका. दुरुस्ती करायची ती तिच्या प्रतीवर, आणि पहिल्यांदा फाटलेलं सांधा, खरखरीकडे सर्वांत शेवटी वळा, तेही गरज वाटली तरच. जे बदललं ते तारखेसह मराठीत एका कागदावर लिहून त्या फाइलींशेजारी ठेवा. आणि कुणी दुरुस्त केलेली प्रत तुमच्या हातात दिली, तर न बदललेली प्रतही मागून घ्या.